पूर्ण हजेरीचे बक्षीस आणि तापाचे औषध

डिसेंबर लागला की प्राथमिक शाळांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप समूहांवर सूचनांची रांग लागते. स्वेटर गणवेशाच्याच रंगाचा हवा. स्नेहसंमेलनाच्या सरावाला कोणी दांडी मारू नये. क्रीडा स्पर्धांसाठी पांढरे बूट आणावेत. नाताळच्या सुट्टीनंतर चाचणी आहे. आणि अनेक शाळांच्या यादीत आणखी एक ओळ असते : वर्षभर शंभर टक्के हजेरी असलेल्या विद्यार्थ्यांचा स्नेहसंमेलनात सत्कार केला जाईल.

या सगळ्या सूचनांत आरोग्याला सर्वांत महाग पडणारी सूचना ही शेवटची आहे.

तिचा परिणाम घराघरांत दिसतो. दुसरीतले मूल रात्री तापाने फणफणलेले असते. सकाळी सहाला आई कपाळाला हात लावून पाहते, अंग अजून कढतच असते. पण आतापर्यंत एकही खाडा नाही, आणि मूलच रडत म्हणते, ‘माझं बक्षीस जाईल.’ मग तापाचे औषध दिले जाते, अर्ध्या-पाऊण तासात अंग निवते आणि मूल रिक्षात बसते. पॅरासिटामॉलचा असर साधारण चार ते सहा तास टिकतो. म्हणजे मधली सुट्टी होता होता ताप परत चढतो. तोवर या मुलाने शेजाऱ्याच्या डब्यातली पोळी खाल्लेली असते, कोणाच्या तरी बाटलीतले पाणी प्यायलेले असते आणि पाच-सहा जणांच्या तोंडासमोर शिंकून झालेले असते. औषधाने ताप उतरतो, विषाणू कुठेही जात नाही. आठवडाभरात त्याच बाकाच्या आजूबाजूची आणखी दोन-तीन मुले घरी झोपलेली दिसली, तर त्यात नवल नाही.

मूळ गैरसमज इथूनच सुरू होतो. थंडी लागली म्हणून सर्दी झाली, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या म्हटले जाते. त्यामुळे कानटोपी, मोजे, स्वेटर घातले की आई-वडिलांना आपले काम झाले असे वाटते. ऊब हवीच, त्यात वाद नाही. पण सर्दी गारव्यामुळे नव्हे, विषाणूंमुळे होते, आणि असे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. थंडीत ते जास्त पसरतात, याचे कारण आपले वागणे आणि हवा, दोन्हींत आहे. खिडक्या-दारे बंद केली जातात, चाळीस-पन्नास मुले एकाच कोंडलेल्या हवेत चार-पाच तास बसतात, कोरड्या हवेने नाकाचे आतले अस्तर सुकते आणि काही विषाणू थंड, कोरड्या हवेत अधिक काळ टिकतात. भारतात फ्लूची साथ वर्षातून साधारण दोनदा जोर धरते. एकदा पावसाळ्यात व त्यानंतर, आणि दुसऱ्यांदा जानेवारी ते मार्च या काळात. नेमके याच काळात शाळांत स्नेहसंमेलने, सहली आणि परीक्षेची तयारी असते.

हजेरीच्या आग्रहामागे चांगला इतिहास आहे, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात मुली शाळेत टिकाव्यात म्हणून १९९२ पासून दुर्बल घटकांतील मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना आली. त्या काळी एक रुपयासुद्धा मुलीला शेतावर किंवा धाकट्या भावंडापाशी न ठेवता शाळेत पाठवायला कारण ठरत असे. आजही ऊसतोडीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबे कारखान्यांकडे निघतात तेव्हा मुलांची शाळा सुटते, आणि ती गैरहजेरी खरोखरच मुलाचे आयुष्य बदलून टाकते. अशा गैरहजेरीशी लढायलाच हवे. पण महिनोन् महिने शाळेबाहेर राहणारे मूल आणि तापामुळे दोन दिवस घरी झोपलेले मूल, ही दोन वेगळी मुले आहेत. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस पहिल्याला कधीच मिळत नाही. ते फक्त दुसऱ्याला आजारपणात शाळेत ओढून आणते. शिवाय ज्या मुलाला दमा आहे, थॅलेसेमिया आहे, झटके येतात, ते मूल या स्पर्धेत पहिल्या दिवसापासूनच बाद असते. न आजारी पडणे ही कर्तबगारी नव्हे, आणि तिचा व्यासपीठावर सत्कार करणे म्हणजे आजारी मुलाला नकळत कमी लेखणेच आहे.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त असतो. प्रत्येक शिंकेला मूल घरी ठेवायचे म्हटले तर शिकवायचे कधी? लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणे अगदी सामान्य आहे आणि खोकला तर दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. म्हणून सरसकट घरी ठेवणे हे उत्तर नाही. रेघ कुठे ओढायची, हे ठरलेले असले पाहिजे, आणि ती रेघ अवघड नाही.

ताप असेल तर मूल घरी राहावे, आणि औषध न देता चोवीस तास ताप आला नाही तरच परत यावे. उलट्या किंवा जुलाब होत असतील तर घरी. अंगावर पुरळ आणि ताप एकत्र असेल तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत घरी, कारण गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते नंतर चार दिवसांपर्यंत दुसऱ्याला आजार देऊ शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवराने मुलांचे बळी घेतले, ते विसरण्याइतके जुने झालेले नाही. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. आणि ताप नसला तरी मूल इतके मलूल असेल की त्याला खेळावेसेही वाटत नाही, तर त्या दिवशी वर्गात बसून ते काही शिकणार नाही. याउलट नुसते नाक वाहते आहे, मूल खाते-पिते आहे, भांडते आहे, तर खिशात रुमाल देऊन त्याला खुशाल शाळेत धाडावे.

श्वास भरभर चालणे, बरगड्यांमधली जागा श्वासागणिक आत ओढली जाणे, ओठ निळसर दिसणे, पाणीही नको म्हणणे, हाक मारली तरी गुंगीत राहणे, यांपैकी काही दिसले तर मात्र उद्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.

घरी ठेवायचे म्हणजे कोणी तरी घरी थांबायचे, आणि खरा अडसर इथे आहे. धुणीभांडी करणारी, बांधकामावर जाणारी किंवा रोजंदारीवर असणारी आई दिवस बुडवते तेव्हा त्या दिवसाची मजुरी बुडते. काही घरांत तर शाळेतली खिचडी हेच मुलाचे दिवसातले पोटभर जेवण असते. अशा आईला ‘आजारी मूल पाठवू नका’ एवढेच सांगणे सोपे आहे, पण त्याने काही साधत नाही. शाळेने निदान तिच्यावर दंडाची भीती, वहीतला लाल शेरा किंवा बक्षिसाचे आमिष यांचे ओझे वर टाकू नये. मूल तरीही आले आणि दहा वाजता तापले, तर त्याला उघड्या खिडकीजवळ आडवे होता येईल अशी सतरंजी, पाणी, एक तापमापक आणि दोन दूरध्वनी क्रमांकांची नोंद एवढी तयारी कोणत्याही शाळेला परवडते. आजीचा किंवा शेजारच्या काकूंचा क्रमांक हा त्यातला दुसरा असावा. बुडालेला अभ्यास परत मिळेल, याची खात्री असली की पालकांचा धीर वाढतो.

घाईने बरे करण्याची धडपडही याच दडपणातून येते. मागच्या वेळचे उरलेले अँटिबायोटिक पुन्हा दिले जाते किंवा औषधाच्या दुकानातून ‘खोकल्याचे चांगले’ सिरप आणले जाते. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, सर्दी-फ्लूच्या विषाणूवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. खोकल्याच्या सिरपबाबत तर सावधगिरीला पर्याय नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेल्या सिरपमुळे मुले दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी ती सहसा सुचवली जात नाहीत, असे स्पष्ट केले. पहिलीतल्या मुलाची बाटली घरातल्या धाकट्या भावंडाला ‘थोडीशी’ देण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी. वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध, भरपूर कोमट पाणी, पातळ भात-वरण आणि झोप, एवढ्यावर बहुतेक सर्दी-खोकला आटोक्यात राहतो. वाफ द्यायची म्हणून उकळत्या पाण्याचे पातेले मुलाच्या पुढ्यात ठेवू नये. ते कलंडून मुले भाजतात.

हजेरीनंतर स्वेटरचा रंग. गणवेशाच्या रंगाचा नसलेला स्वेटर घालून आलेल्या मुलाला शाळेच्या फाटकाशी तो काढायला लावणे, हा शिस्तीचा भाग मुळीच नाही. निफाडला पारा एक आकड्यावर येतो तेव्हा थोरल्या भावाचा तपकिरी स्वेटर हीच अनेक मुलांची ऊब असते. थंडीचे दोन-अडीच महिने रंगाचा नियम बाजूला ठेवला तर शाळेचे काही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट खिडक्यांची. गार वारा येतो म्हणून त्या दिवसभर बंद ठेवल्या जातात. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा एक खिडकी आणि दार थोडे उघडे ठेवले, मधल्या सुट्टीत सगळ्या उघडल्या, तर वर्गातली कोंडलेली हवा बदलते. मुलांनी स्वेटर घातलेले असताना हे सहज शक्य आहे. आवार झाडून तो पालापाचोळा कोपऱ्यात पेटवणे मात्र थांबले पाहिजे. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर वर न जाता मुलांच्या नाकाच्या उंचीवरच रेंगाळतो. दम्याच्या मुलांना त्याचा त्रास सर्वांत आधी होतो.

आणि वेळ. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातच्या शाळेसाठी निघालेले मूल अंधारात उठते, काही न खाता निघते आणि दिवसातल्या सर्वांत गार, सर्वांत धुरकट हवेत बसथांब्यावर उभे राहते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. म्हणजे साडेपाचला उठायचे तर रात्री साडेआठला झोपायला हवे, आणि ते आजच्या किती घरांत घडते? महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला तो याच विचाराने. दोन पाळ्यांच्या इमारती, बसच्या फेऱ्या, शिक्षकांची वेळ, या अडचणी शाळांनी आणि बसवाल्यांनी मांडल्या, आणि त्या खोट्या नाहीत. पण जिथे वर्षभर वेळ बदलणे जमत नाही, तिथे निदान डिसेंबर ते फेब्रुवारी लहान वर्ग उशिरा भरवता येतात का, हे पालक सभेत विचारण्याचा हक्क पालकांना आहे.

पालकांसाठी एक आठवणही या निमित्ताने हवी. डीपीटी लसीचा दुसरा बूस्टर डोस पाच ते सहा वर्षांच्या वयात, म्हणजे पहिलीच्या आसपास असतो आणि शाळाप्रवेशाच्या धांदलीत तो हमखास राहून जातो. लसीकरणाचे कार्ड काढून तो घेतला आहे का, हे पाहावे. दमा किंवा हृदयविकार असलेल्या मुलासाठी फ्लूच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

यंदाची स्नेहसंमेलने अजून व्हायची आहेत आणि बक्षिसांच्या याद्याही अजून बदलता येण्याजोग्या आहेत. पूर्ण हजेरीऐवजी वर्गाचे वाचनालय सांभाळणाऱ्याला, नव्या मुलाला सामावून घेणाऱ्याला, आजारी मित्राची वही पूर्ण करून देणाऱ्याला व्यासपीठावर बोलावता येईल. आणि पालकांच्या समूहावर जाणारी ओळ अशी लिहिता येईल : ‘ताप असल्यास मुलाला घरी विश्रांती घेऊ द्यावी, अभ्यास आम्ही भरून काढू.’ ही ओळ मुख्याध्यापकांच्या नावाने आली, की सकाळी सहाला कपाळावर हात ठेवून उभ्या असलेल्या आईला ठरवणे बरेच सोपे जाईल.