काटकसरीच्या स्मृतीचे शिक्षण

मोबाइलच्या पडद्यावर चार बटणे मांडून एखादे ॲप चालते करता आले म्हणजे प्रोग्रॅमिंगचे शिक्षण पुरे झाले, असा जो समज आमच्या विद्यार्थिवर्गात दृढमूल होत चालला आहे, तो मला अत्यंत घातक वाटतो. आर्डुइनो उनो या बोर्डाच्या मूळ आवृत्तीवरील मायक्रोकंट्रोलरपाशी रॅम असते अवघी २ किलोबाइट. आणि एवढ्या तुटपुंज्या शिलकीत ज्याला तापमान मोजावयाचे, मोटार फिरवावयाची आणि क्षणाचाही विलंब होऊ द्यावयाचा नाही, त्याला प्रत्येक बाइटचा हिशेब ठेवणे भागच पडते.

काटकसरीइतकीच चिकाटीही येथे लागते. १९९७ साली मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान तेथे वारंवार आपोआप पुन्हा सुरू होऊ लागले. कारण त्याच्या संगणकात हवामानाची नोंद घेणाऱ्या, अग्रक्रमाने कनिष्ठ अशा कार्याने (टास्कने) अडवून धरलेल्या सामायिक साधनासाठी ज्येष्ठ कार्य ताटकळत राहिले, आणि मधल्या दर्जाची कार्ये त्या कनिष्ठास पुढे सरकू देईनात. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर तोच दोष पुन्हा घडवून आणला, त्याचे मूळ शोधले आणि येथूनच दुरुस्ती रवाना केली. दोषाचा असा चिकाटीने पाठलाग करणे, हेच यंत्रात बसवलेल्या अशा प्रोग्रॅमिंगच्या विद्येचे सार होय.

आमच्याकडे मात्र पुष्कळ ठिकाणी १९८० सालच्या ८०५१ चिपवरील प्रयोग जुन्या जर्नलातून उतरवून घेतले जातात आणि सही होताच प्रकरण दाखल दप्तर होते. चिप जुनी आहे, ही माझी तक्रार नव्हे. लहान चिपवरच पाया पक्का होतो. परंतु बोर्ड कुलपात न ठेवता विद्यार्थ्याला घरी नेऊ द्यावा, त्याच्या हातून एखादा जळाला तर दंड आकारू नये, आणि मोबाइलचा अभ्यासक्रम त्यानंतरच्या सत्रात ठेवावा.