वेग मोजताना सफाई बंद?

रक्तदाब मोजण्याआधी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवावे, त्याच्याशी बोलू नये, असा नियम आहे. दोन भेटींतले आकडे ताडून पाहायचे तर ते हवेच. पण दिवसभराच्या धावपळीत दाब किती असतो, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी आम्ही 24 तास दंडाला यंत्र लावून घरी पाठवतो. संगणकाच्या वेगाबाबत मात्र आपण शांत बसवून मोजलेल्या आकड्यावरच खूश असतो.

प्रोग्रॅम चालताना मेमरीत तात्पुरती माहिती साठत जाते. काम संपलेली माहिती शोधून जागा मोकळी करणे म्हणजे ‘गार्बेज कलेक्शन’. जॉन मॅकार्थी यांनी 1960च्या सुमारास लिस्प या संगणकभाषेसाठी ही सोय केली. आज ती जावा, पायथॉनमध्येही आहे. घंटागाडी गल्लीत उभी राहिली की मागच्या दुचाक्या खोळंबतात, तसे ही सफाई चालू असताना मूळ काम बरेचदा क्षणभर थांबते. ती नेमकी कधी होईल ते सांगता येत नाही, म्हणून तोच कोड दोनदा मोजला तर आकडे वेगळे येऊ शकतात. पायथॉनमधले ‘टाइमइट’ हे वेग मोजण्याचे साधन तर मोजणीपुरती सफाई बंदच ठेवते. दोन कोडांची तुलना करायला ते योग्यच आहे. मात्र सफाई हा त्या कामाचाच महत्त्वाचा भाग असेल तर ती चालू करून मोजावे, असे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे.

हिंजवडीतल्या अभियंत्यांना यात नवे काही नाही. रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांना आहे.

समजा, 1000 विनंत्यांपैकी 990 ना 20 मिलीसेकंदांत उत्तर मिळाले आणि 10 वेळा सफाईमुळे दोन सेकंद लागले. सरासरी येते जेमतेम 40 मिलीसेकंद, कागदावर झकास! पण एका रुग्णाचा केसपेपर, जुने रिपोर्ट, औषधे उघडताना 20 विनंत्या जात असतील, तर साधारण दर पाच-सहा रुग्णांमागे एकदा पडदा अडतो. दोन सेकंदांचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. बाहेर रांग असली की डॉक्टर जुने पान न उघडताच औषध लिहितो, आणि ॲलर्जीची नोंद नेमकी त्या पानावर असते. किंवा बटण पुन्हा दाबले जाते आणि तेच औषध दोनदा नोंदले जाते.

यावर सफाईच नको, असे म्हणणे म्हणजे मूत्रपिंडे बंद करून शक्ती वाचवण्यासारखे आहे. मेमरी भरली की सगळेच ठप्प. थांबे असणारच, ते किती लांब आणि किती वेळा, एवढे आम्हाला आधी कळायला हवे. त्यासाठी निविदेत सरासरीच्या जोडीला सर्वांत लांबलेला वेळही मागावा. चाचणी रिकाम्या यंत्रावर नको. हजारो जुन्या नोंदी भरून, सफाई चालू ठेवून, सोमवारच्या ओपीडीइतक्या गर्दीचा भार देऊन, नोंदणीची खिडकी उघडल्यापासून शेवटच्या रुग्णाला औषध मिळेपर्यंत सलग मोजावे.