पदके सभेसाठी नाहीत

बेळगाव शहराच्या पश्चिमेस वसलेल्या बेळगुंदी गावी एका स्नेह्यांच्या घरी एक संध्याकाळ घालविण्याचा योग आम्हांला नुकताच आला. घरातील एखादा तरी पुरुष पलटणीत गेलेला आहे, अशी घरे त्या परिसरात पुष्कळ. आमचे यजमान स्वतः निवृत्त सुभेदार. ओसरीवर त्यांचे चार-पाच जुने सोबती जमले होते. कोणी हवालदार, कोणी नाईक, तर एक जण सैन्यातून परतल्यावर बेळगावच्या फौंड्रीत काही वर्षे काढलेला. फौजी माणसाच्या बैठकीत एरवी कँटीनची रम असायची. त्या दिवशी मात्र सुभेदारांच्या जावयाने विमानतळावरच्या जकातमुक्त दुकानातून आणलेली स्कॉच व्हिस्की होती. मद्याची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या बाटलीच्या किमतीवरून जो वाद सुरू झाला, तो इतक्या मोलाच्या प्रश्नापर्यंत जाऊन पोचला, की तो वाचकांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

हीच बाटली बाजारात इतकी महाग का, येथून आरंभ झाला. परदेशी व्हिस्कीवर आपल्याकडे दीडशे टक्के आयातशुल्क होते. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ते अंमलबजावणीबरोबर ७५ टक्क्यांवर आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. हवालदारांना हे पसंत नव्हते. “साहेब, गोऱ्याची व्हिस्की स्वस्त झाली तर आमच्या ऊसवाल्यानं काय करायचं ओ?” असे त्यांनी विचारले. प्रश्न भाबडा नाही. आपल्या देशात व्हिस्की म्हणून जे मद्य विकले जाते, त्यातील बराच भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा असतो. युरोपात धान्याखेरीज अन्य कशापासून काढलेल्या मद्याला व्हिस्की हे नावही लावता येत नाही. म्हणजे त्यांच्या मालाला आपले दार उघडले, तरी आपल्या मळीच्या मालाला त्यांचे दार बंदच. निपाणी-चिकोडीकडे ज्यांचे सगेसोयरे ऊस पिकवितात, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

मग बोलणे अमेरिकेवर आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपण अमेरिकन बोर्बन व्हिस्कीवरील शुल्क दीडशेवरून शंभर टक्क्यांवर आणले होते. तरीही त्याच वर्षी ७ ऑगस्टपासून आपल्या मालावर २५ टक्के शुल्क बसले आणि रशियाचे तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के! फौंड्रीत काम केलेल्या गृहस्थांना परदेशी मागणी आटली म्हणजे पाळ्या कशा कमी होतात, हे अनुभवाने ठाऊक होते. आपल्या किनाऱ्यावरील कोळंबी निर्यातदारांनाही त्या पन्नास टक्क्यांनी झोप लागू दिली नव्हती. येथवर सर्वांचे एकमत होते. पण सर्वांत तरुण असे नाईक उसळून म्हणाले, “धमकी देणाऱ्याला धमकीच कळते. पुढाऱ्यांना जमत नसेल तर सैन्याला विचारा की!” आणि मग खरी बातमी बाहेर पडली. एका पक्षाचा कार्यकर्ता गावात येऊन गेला होता. स्वदेशी मालाच्या पुरस्कारासाठी होणाऱ्या सभेत माजी सैनिकांनी पलटणीची टोपी आणि छातीवर पदके घालून व्यासपीठावर बसावे, असा त्याचा आग्रह होता. दोघांनी रुकार दिलाही होता.

सुभेदारांनी पेला खाली ठेवला. ते म्हणाले, “व्यापारावर बोलायचं असेल तर साधा सदरा घालून, शेतकरी म्हणून जा. मेडल घालून गेलास तर तू एकटा जात नाहीस, सगळी पलटण जाते तुझ्याबरोबर.”

या एका वाक्यात लष्कराच्या तटस्थतेचे सारे सार आहे. तटस्थता म्हणजे सैनिकाला मत नसणे नव्हे. सैनिकाला मतदानाचा हक्क आहे आणि सेवेत असलेल्यांसाठी तशी स्वतंत्र व्यवस्थाही आहे. परंतु राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने सैन्यदलातील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्यानुसार १९५० चा सेना कायदा आणि १९५४ चे नियम यांनी सेवेतील सैनिकाला राजकीय सभा, चळवळी आणि प्रचार यांपासून दूर ठेवले आहे. निवृत्तीनंतर ही बंधने गळून पडतात आणि तो तुमच्याआमच्यासारखा नागरिक होतो. म्हणूनच प्रश्न कायद्याचा राहत नाही, तो विवेकाचा होतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो पोकळ नाही. वकील आपली सनद सांगून सभेत बोलतो, डॉक्टर आपली पदवी लावून निवडणूक लढवितो, मग सैनिकानेच आपले पदक का लपवावे? ते तर त्याने घाम आणि रक्त सांडून मिळविलेले असते. आमचे उत्तर असे की, पदक त्याचे स्वतःचेच आहे. पण ते पाहून लोकांच्या मनात जो आदर दाटतो, तो त्याच्या एकट्याचा नाही. तो त्याच्या आधी पडलेल्यांचा आहे आणि आज हिमालयात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या, कोणाला मत दिले हे शेजाऱ्यालाही न सांगणाऱ्या जवानाचा आहे. ही सामाईक ठेव एका पक्षाच्या खात्यावर जमा करण्याचा अधिकार एकट्याला पोचत नाही.

गोमंतकीयांना या तटस्थतेचे मोल वेगळे सांगण्याची गरज पडू नये. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या मुक्तीसाठी फौजा एकवटल्या त्या याच बेळगावच्या परिसरात. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाती १९ डिसेंबरनंतर या भूमीची सारी सत्ता होती. ते लष्करी राज्यपाल होते. विधानसभा नव्हती, निवडून आलेले सरकार नव्हते, विचारणारे कोणी नव्हते. तरीही जून १९६२ मध्ये ती सत्ता मुलकी नायब राज्यपालांच्या हाती देऊन ते मोकळे झाले आणि १९६३ च्या डिसेंबरात आपण आपले पहिले सरकार स्वतः निवडले. पुढे जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकात दोन तट पडले, घराघरांत वाद झाले. परंतु लष्कर कोणत्या तटात आहे, हा प्रश्न कोणाच्या मनाला शिवलाही नाही. जो प्रश्न पडतच नाही, त्याचे श्रेय आपण कोणाला देत नाही. ते द्यायला हवे.

कारण अन्यत्र असे घडलेले नाही. एकाच ब्रिटिश हिंदी सैन्यातून भारत आणि पाकिस्तान यांची सैन्ये निघाली, एकाच प्रबोधिनीत त्यांचे अधिकारी शिकले. पाकिस्तानात १९५८ मध्ये अयुबखानांनी सत्ता हाती घेतली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, आपल्याकडे सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी बिनसले. त्यांनी राजीनामा दिला आणि पंतप्रधानांच्या सांगण्यावरून तो परत घेतला. पंडित नेहरूंनी संसदेत मुलकी सत्तेचे श्रेष्ठत्व ठणकावून सांगितले. थिमय्यांनी ते मानले. कोल्हापूर भागाचे सुपुत्र लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांनी पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९६० मध्येच चीनच्या धोक्याचा इशारा दिला होता. तो दिल्लीत कोणी मनावर घेतला नाही आणि १९६२ साली त्याची किंमत देशाने मोजली. म्हणजे तटस्थता फुकट मिळत नाही. कधी कधी शहाणा सल्ला वाया गेलेला उघड्या डोळ्यांनी पाहावा लागतो. तरीही आम्ही म्हणू की, सल्ला न ऐकणाऱ्या सरकारला मतदार बदलू शकतो. हुकूम देऊ लागलेल्या लष्कराला बदलण्याचे साधन मतदाराच्या हाती नसते.

२५ जून १९७५ च्या रामलीला मैदानावरील सभेत जयप्रकाशजींनी सैन्याला आणि पोलिसांना बेकायदा हुकूम न पाळण्याचे आवाहन केले. त्याच रात्री आणीबाणी आली. त्या एकवीस महिन्यांत सैन्य ना सरकारचे हत्यार झाले, ना विरोधकांचे. १९७७ साली निकाल लागला तो मतपेटीतून.

बेळगाव तर या कसोटीचे चालतेबोलते उदाहरण आहे. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने निपाणी व खानापूर महाराष्ट्राकडे, तर बेळगाव शहर कर्नाटकाकडे, अशी शिफारस केली. ती महाराष्ट्राने मानली नाही आणि २००४ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर वाहनांवर दगडफेक झाली, पुढाऱ्यांनी एकमेकांना धमक्या दिल्या. या साऱ्या कोलाहलाच्या मधोमध मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र शंभर वर्षांहून अधिक काळ उभे आहे. तेथे महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील तरुण एकाच रांगेत शपथ घेतात आणि एकाच तोंडाने शिवछत्रपतींचा जयघोष करतात. या केंद्राने सीमावादात चकार शब्द काढलेला नाही. सीमाभागातील मराठी माणसाचे दुःख आम्ही जाणतो; ते मांडण्याचा त्याचा हक्क आम्हांला मान्य आहे. परंतु उद्या एका बाजूच्या सभेत पदकांची रांग बसली, तर परवा दुसऱ्या बाजूच्या सभेतही बसेल. मग त्या केंद्रातील रांगेत शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलांनी एकमेकांकडे कोणत्या नजरेने पाहावे?

राहता राहिला परदेशी धमक्यांचा मुद्दा. मे २०२५ मधील चार दिवसांच्या लढाईनंतर, व्यापार बंद करण्याचा धाक घालून आपणच युद्ध थांबविले, असे अमेरिकेच्या अध्यक्षांनी वारंवार सांगितले. भारत सरकारने ते नाकारले आणि दोन्ही सैन्यांच्या कारवाई महासंचालकांमधील थेट बोलण्यातून गोळीबार थांबला, असे स्पष्ट केले. येथे व्यापार, राजकारण आणि सैन्य हे तिन्ही धागे कोणीतरी बाहेरून एकत्र पिळू पाहत होता. त्यावर उपाय एकच : आपण ते घरात वेगवेगळे ठेवणे. शुल्काला उत्तर वाणिज्य मंत्रालयाने आणि संसदेने द्यावे, धमकीला उत्तर परराष्ट्र खात्याने द्यावे आणि सैन्याने सीमा राखावी. नाइकांचा संताप आम्हांला समजतो. परंतु काजूच्या आणि कोळंबीच्या भावाचा प्रश्न सैन्याला विचारणारा देश पुढे सैन्याकडून आणखी पुष्कळ प्रश्नांची उत्तरे ऐकू लागतो.

याचा अर्थ माजी सैनिकांनी ओसरीवर बसून गप्प राहावे, असा मुळीच नाही. त्यांचे हितसंबंध खरे आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये संरक्षण खात्याने कँटीनमध्ये थेट आयात केलेला माल न घेण्याचे ठरविले, तेव्हा व्यापारधोरण त्यांच्या पेल्यापर्यंत आलेच होते. समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन या मागणीसाठी ते २०१५ साली जंतरमंतरवर बसले आणि त्यांनी सरकारला निर्णय घ्यायला लावले. ते भांडण त्यांच्या स्वतःच्या हक्काचे होते, कोणा पक्षाचे नव्हते. तेथे छातीवर पदके होती ती आपल्या मागणीसाठी. प्रचारात जवानांची छायाचित्रे वापरू नका, असे निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये बजावले आणि २०१९ मध्ये पुन्हा बजावले. त्याच वर्षी दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावांनिशी सैन्याच्या राजकीय वापराविरुद्ध राष्ट्रपतींना पत्रही गेले. सर्वांनी त्याला दुजोरा दिला नाही, वाद झाला. पण दुखणे खरे होते.

आमचे राजकीय पक्षांना सांगणे आहे की, सभेला गर्दी हवी असेल तर आपल्या धोरणाच्या बळावर जमवा, दुसऱ्याच्या शौर्यावर नको. आणि बेळगुंदीच्या ओसरीवरील त्या दोघांना सांगणे आहे की, सभेला अवश्य जा. ऊस, रताळी, काजू, फौंड्री, व्हिस्कीवरचे शुल्क, यांवर जे वाटते ते निर्भयपणे बोला; तुमच्याइतके अनुभवाने बोलणारे वक्ते त्या व्यासपीठावर दुसरे असणार नाहीत. मात्र टोपी आणि पदके घरी ठेवा. विजयदिनी, हुतात्म्यांच्या स्मारकापुढे, पलटणीच्या मेळाव्यात ती अभिमानाने घाला. त्या दिवशी ती पाहून मान लवविणाऱ्याला तुमचा पक्ष कोणता, हे विचारावेसे वाटू नये, यातच त्यांची शान आहे.