गारा पडतात तेव्हा गाव कुठे असते?

यंदाची दिवाळी मराठवाड्यात पुरातून वर आली आहे. सप्टेंबरमध्ये सिंदफणा, मांजरा, सीना या नद्यांनी पात्र सोडले. सोयाबीन शेंगेसकट कुजले, कापसाची बोंडे झाडावरच काळी पडली आणि काही वावरांतली मातीच वाहून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला. आष्टी आणि परंडा हे तालुके कायमचे दुष्काळी म्हणून ओळखले जातात. तिथे माणसे वाचवायला हेलिकॉप्टर आणावे लागले. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. कोरडवाहू शेतकऱ्याला सगळे मिळून हेक्टरी 18,500 रुपये, त्यातले 10,000 रब्बीच्या बी-बियाण्यासाठी. हे पैसे कुणाच्या खात्यावर आले, कुणाचे केवायसीत अडकले, याची चर्चा आज प्रत्येक पारावर चालू आहे आणि ती चालायलाच हवी.

पण संपादकीयाची ही जागा आम्ही त्या रब्बीसाठी राखून ठेवली आहे. सरकारने 10,000 रुपये ज्या पेरणीसाठी दिले, तिचे पीक डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत उघड्यावर उभे असेल. आणि आपल्याकडे हिवाळ्याच्या अखेरीला आभाळातून काय पडू शकते, हे आपण 2014 मध्ये पाहिले आहे.

ते वर्ष पुन्हा सांगण्याला कारण आहे. 2012 च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात जनावरे छावण्यांत बांधावी लागली होती. 2013 चा पावसाळा बरा झाला आणि कितीतरी दिवसांनी शिवारात भरगच्च रब्बी उभी राहिली. ज्वारीची कणसे टपोरी झाली, हरभऱ्याला घाटे लगडले, गव्हाला रंग चढला, आंबा मोहराने झाकून गेला. फेब्रुवारीच्या अखेरीस गारा सुरू झाल्या आणि मार्चच्या मध्यापर्यंत थांबल्या नाहीत. एकदा पडून गेल्या असत्या तर माणसाने उरलेले गोळा केले असते, पण त्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पुन्हा परतून आल्या. बीड, लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, नाशिक असे करत राज्यातले 28 जिल्हे या माऱ्यात सापडले. शेतात गारांचे थर साचले. पत्र्यांना भोके पडली. झाडांखाली पाखरांचा खच पडला. मेंढ्या-शेळ्या जागेवर मेल्या. ज्वारी आडवी झाली ती झालीच, कडबाही काळा पडला, म्हणजे माणसाच्या भाकरीबरोबर बैलाचा वर्षभराचा चाराही गेला.

त्यातच 5 मार्च 2014 ला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. मदतीच्या निर्णयाआधी निवडणूक आयोगाची परवानगी घ्यावी लागली. मग मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारने 4,000 कोटींची मदत जाहीर केली: कोरडवाहूला हेक्टरी 10,000, बागायतीला 15,000, फळबागेला 25,000. त्या काळच्या मानाने रक्कम लहान नव्हती. मात्र पुढचे दोन पावसाळे गेले आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 2014 ची रब्बी हाती लागली असती तर त्या दोन वर्षांत किती घरे तगली असती, याचा हिशेब कुठल्याही पंचनाम्यात नाही.

ती गारपीट शंभर वर्षांतून एकदा येणारी म्हणून सोडून द्यावी, तर 11 फेब्रुवारी 2018 ला जालना, बीडपासून विदर्भापर्यंत तोच प्रकार झाला आणि नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस नाशिकसह अनेक जिल्ह्यांत पुन्हा झाला. कारण शास्त्रज्ञांनी उलगडून सांगितले आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात एरवी काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतात. कधी कधी त्यांची थंड हवा बरीच दक्षिणेला, आपल्या डोक्यावर उंचावर उतरते. खाली जमीन तापलेली असते, बंगालच्या उपसागराकडून दमट वारे आलेले असतात. तापलेली ओली हवा जोराने वर चढते, थेंब गोठतात, वाऱ्याच्या झोताबरोबर पुन्हा पुन्हा वर जाऊन थरावर थर चढवतात आणि पेलेनासे झाले की कोसळतात. 2014 नंतर बारामतीजवळच्या माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने गारपिटीची कारणे, नुकसान आणि नंतरचे उपाय यांवर स्वतंत्र पुस्तिका काढली. हिमाचलात सफरचंदाच्या बागांवर गाररोधक जाळ्या अनुदानातून लागतात. ज्वारी-हरभऱ्याच्या एकर-दोन एकराला जाळी कोण घालणार? आपल्या भागातला प्रश्न गार अडवण्याचा नाही, गार पडल्यानंतर माणूस उभा कसा राहील याचा आहे.

आणि इथे आमचा मुद्दा सुरू होतो.

आमचे घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातले, परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. बालाघाटाच्या या पट्ट्यात जमीन कुठे काळी तर कुठे नुसता मुरूम. यंदा उसाचा गाळप हंगाम 1 नोव्हेंबरपासून आहे. म्हणजे फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून, वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोडीचे कोयते निघतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. सोबत कडेवरचे लेकरू, तवा-परात, दोन पोती धान्य. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या फडांवर ही माणसे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण मार्चपर्यंत राहतात. यातल्या कितीतरी जणांच्या नावावर घरी एकर-दोन एकर जमीन आहे. पेरणी करून ते जातात. राखण म्हातारे आई-वडील आणि शाळेतली मुले करतात.

गारपिटीचे दिवस आणि गाव रिकामे असण्याचे दिवस एकच आहेत. मदतीची आपली सगळी यंत्रणा मात्र माणूस घरी आहे असे धरून बांधलेली आहे. पंचनाम्याला खातेदार बांधावर लागतो. रब्बीची ई-पीक पाहणी मोबाईल घेऊन वावरात उभे राहून करायची असते, तेव्हा हा माणूस तीनशे किलोमीटरवर उसाच्या मोळ्या बांधत असतो. नोंद राहिली की सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि पीक दिसले नाही की नुकसान दिसत नाही. ज्याची जमीन बटईवर दुसऱ्याने केली, त्या बटईदाराचे तर नावच कुठे नसते. बी त्याचे, घाम त्याचा, पैसे मात्र खातेदाराच्या खात्यावर. काही खातेदार ते प्रामाणिकपणे वाटून घेतात. पण मदतीचा हक्क दुसऱ्याच्या चांगुलपणावर सोडणे आम्हाला मान्य नाही.

दुसरी बाजू फडावरची आहे आणि ती आम्हाला जास्त अस्वस्थ करते. तोडणी कामगार कोपीत राहतात. काठ्या, चटया, पाचट आणि वरून प्लास्टिकचा कागद. जानेवारीच्या थंडीत अवकाळी पावसाची एक रात्र काढली की अंथरूण, सरपण, पीठ सगळे भिजते. बाळंतीण असो की तापाने फणफणलेले पोर, आडोसा तेवढाच. गारा आल्या तर डोक्यावर कागदाशिवाय काही नाही. त्यात फडात चिखल झाला की वाहन आत जात नाही, तोडणी थांबते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढीचा करार झाला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण तो दर तोडलेल्या टनाचा आहे, पावसाने थांबलेल्या दिवसाचा नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तशीच डोक्यावर राहते.

आपत्ती निवारणाच्या निकषांत पडलेल्या झोपडीसाठी 8,000 रुपये आहेत. दुधाळ जनावर दगावले तर 37,500, शेळी-मेंढीला 4,000, माणूस गेला तर वारसाला 4 लाख. परक्या जिल्ह्यात, परक्याच्या रानात उभारलेल्या कोपीची नोंद मात्र कुठल्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात असणार? बीडचा तहसीलदार म्हणेल ती आमच्या हद्दीत नाही, तिकडचा म्हणेल हे आमचे रहिवासी नाहीत. एकाच वादळात माणसाचे गावचे पीक जाते, फडावरचा निवारा जातो, रोजही बुडतो. आणि दोन्हीकडच्या याद्यांत त्याचे नाव नसते.

नियम बदलू शकत नाहीत असे नाही. एप्रिल 2015 मध्ये केंद्राने नुकसानीची अट 50 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आणली, तेव्हा पूर्वी वगळले गेलेले कितीतरी शेतकरी मदतीत आले. त्यामागे 2014 आणि 2015 च्या गारपिटींनी उठवलेला आक्रोश होता. मात्र यंदा एक बदल उलट्या दिशेने झाला आहे आणि तो रब्बी पेरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा. पूर्वी गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीत 72 तासांच्या आत कळवले की विमा कंपनीने त्या एकट्या शेतकऱ्याच्या शेताची पाहणी करायची तरतूद होती. एक रुपयाची पीक विमा योजना बंद करून राज्याने 2025 साठी जी सुधारित योजना आणली, तिच्यात ही तरतूद राहिलेली नाही. आता भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. गारा मंडळाच्या हद्दी पाहून पडत नाहीत. एखाद्या अरुंद पट्ट्यात पडतात. ओढ्याच्या अलीकडचे शिवार भुईसपाट आणि पलीकडचे जसेच्या तसे, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मंडळाची सरासरी बरी निघाली की ज्याचे सगळे गेले त्याच्या हाती विम्याचा छदामही येणार नाही. महसूल मंडळांत बसवलेली महावेधची हवामान केंद्रे पाऊस, वारा, तापमान मोजतात, गारा मोजत नाहीत. म्हणून आमची पहिली आणि सर्वांत ठाम मागणी हीच आहे: रब्बीचे पीक उभे राहण्याआधी गारपिटीची वैयक्तिक भरपाई विम्यात परत आणा.

संकटाआधीच्या तयारीचा प्रश्न श्रीमंत देशांत सुटलेला आहे अशी समजूत असेल तर फेब्रुवारी 2021 चे टेक्सास आठवावे. हिमवादळात 45 लाखांहून अधिक घरांची वीज गेली आणि सरकारी मोजणीनुसार 246 माणसे मेली, त्यांतली बहुतेक गारठून. पैसा होता, थंडीची पूर्वसूचनाही होती, तयारी नव्हती. त्यापेक्षा आपल्याला जवळचे उदाहरण मंगोलियाचे आहे. तिथल्या कडक हिवाळ्यात पशुपालकांचे कळपच्या कळप मरतात. 2023-24 च्या हिवाळ्यात 70 लाखांहून अधिक जनावरे गेली. तिथे रेडक्रॉसने काही वर्षांपासून वेगळी पद्धत धरली आहे. हिवाळा कडक जाणार असा अंदाज आला की जनावरे मरायच्या आधीच निवडक गरीब कुटुंबांच्या हाती थोडी रोख रक्कम आणि जनावरांसाठी मदत द्यायची. त्या पैशात माणूस चारा घेतो, निवाऱ्याची डागडुजी करतो. नुकसान झाल्यावर दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा वेळेवर दिलेली लहान रक्कम जास्त वाचवते, असा तिथला अनुभव आहे.

आपल्याकडे हे अशक्य नाही. गारपिटीचा इशारा हवामान खाते एक-दोन दिवस आधी देते. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचे ‘दामिनी’ ॲप आहे. ग्रामसेवकामार्फत ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्रे द्यायचे काम सुरू झालेले आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे आणि त्यासाठी गाळपाच्या टनामागे निधी ठरलेला आहे. कामगारांच्या या नोंदणीला कारखान्याचे नाव आणि फडाचा पत्ता जोडला की इशारा कुणाला द्यायचा आणि निवारा कुठे उघडायचा हे ठरते. प्रत्येक कोयत्याला हंगामाच्या सुरुवातीला एक जाड ताडपत्री द्यायला आणि इशाऱ्याच्या रात्री जवळची शाळा किंवा गोदाम उघडायला कारखान्याला असा काय खर्च येणार आहे? ज्यांच्या मनगटावर गाळप चालते त्यांच्यासाठी तो करावा, असे आम्ही प्रत्येक कारखान्याच्या संचालक मंडळाला सांगतो.

उरलेले काम गावाचे आहे. हा भाग मदतीला नवखा नाही. किल्लारीचा भूकंप झाला त्या 30 सप्टेंबर 1993 च्या सकाळी भोवतालच्या गावांतून लोक भाकरी बांधून आणि फावडी घेऊन निघाले होते. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी उभी केलेली ‘मानवलोक’ संस्था दुष्काळापासून भूकंपापर्यंत लोकांसोबत राहिली. 2015 मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांच्या ‘नाम’ फाउंडेशनकडे राज्यभरातून ओघ लागला. देणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत. ते संकट आल्यानंतर धावतात. आम्हाला ते संकटाआधी हवे आहेत.

या दिवाळीच्या आठवड्यात तोडणीला जाणारी सगळी माणसे गावात आहेत. असा योग पुढच्या वर्षीपर्यंत येणार नाही. म्हणून वाचकहो, भाऊबीज झाली की आपल्या गावात ग्रामसभेची मागणी करा. कोण कोण जाणार, कुठल्या कारखान्याला, त्यांच्या मागे शेताची ई-पीक पाहणी कोण करील, गारा पडल्या तर पंचनाम्याला त्यांच्या वतीने बांधावर कोण उभे राहील, कुणाची जमीन कुणाकडे बटईने आहे, हे सगळे एका नोंदवहीत लिहा, सरपंच आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याची सही घ्या आणि एक प्रत तहसीलमध्ये पोहोच घेऊन द्या. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरांची यादी करून गल्लीतल्या दोन तरुणांवर त्यांची जबाबदारी टाका. ठराव झाला की गावाचे नाव आणि तारीख आम्हाला कळवा. पुढच्या दिवाळी अंकात ती नावे आम्ही पहिल्या पानावर छापू.

— संपादक
घाटनांदूर, दिवाळी 2025