श्रीमंतांचा रोग?

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, हे वचन आता अडगळीत टाकावे. नीरा डाव्या कालव्यावर बारामती-इंदापुरात ऊस पिकला, माळेगाव-भवानीनगरला कारखाने उभे राहिले, आणि बागायतदाराचे पाय चालणे विसरले, हे खरे. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्राच्या शहरांत मधुमेह सुस्थितांपेक्षा गरिबांतच अधिक आढळला, त्याचे काय?

उपाशीपोटी दर १०० मिलिलिटर रक्तामागे साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम भरली, की ती मधुमेहाची पूर्वावस्था. डॉक्टर सांगतात: चाला, डाळ-भाजी खा, वेळेवर झोपा. सल्ला रास्तच आहे. मात्र जिरायती गावातून बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला येणाऱ्याने वेळेवर झोपावे कसे? रेशनच्या गहू-तांदळावर घर चालवणाऱ्या बाईने रोज पालेभाजी आणावी कोठून? सवय सुधारायलाही वेळ आणि पैसा लागतो. ज्याच्यापाशी तो नाही, त्याला आम्ही बेशिस्त ठरवून मोकळे होतो!

ही अवस्था पुष्कळदा मागे फिरवता येते. म्हणूनच रक्ततपासणी वस्तीवर, डाळ रेशनात आणि पाळ्यांची आखणी माणसाच्या झोपेला धरून हवी. ते न करता दिलेला उपदेश म्हणजे उपाशी माणसाला सांगितलेले पथ्य होय.