इंजेक्शन पाच मिनिटांचे, मुक्काम रात्रीचा

ॲक्रोमेगालीच्या रुग्णांचे विमा-दावे परत येऊ लागल्याची पत्रे यंदा थांबायला तयार नाहीत. शेरा एकच: ऑक्ट्रिओटाइड एलएआर हा बाह्यरुग्ण उपचार, सबब नामंजूर. एका महाभागाने तर ‘उंची वाढवण्याचा उपचार’ असे लिहिले. ग्रोथ हार्मोन दाबणाऱ्या औषधाला!

कॅव्हर्नस सायनसमध्ये गाठ उरली, कॅबरगोलिनने आयजीएफ-1 उतरले नाही, की दर 28 दिवसांनी हे इंजेक्शन आलेच. औषध फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला आणायचे, कालवायचे आणि लगेच नितंबात खोल टोचायचे. रेंगाळले तर पावडर तळाशी बसते, सुई तुंबते, महागडी मात्रा वाया. अनुभवी सिस्टरचे काम, भूल लागत नाही. पॉलिसीला मात्र 24 तासांचे ॲडमिशन हवे, नाहीतर डे-केअर. आणि डे-केअरच्या व्याख्येतच भूल आहे. मग धडधाकट रुग्ण संध्याकाळी खाटेवर येतो, केसपेपरवर ‘निरीक्षणाखाली’ उमटते, चोवीस तास भरले की डिस्चार्ज. खोलीभाडे, नर्सिंग, राउंडची फी धरून बिल कंपनीचेच फुगते. एवढा हिशेब टीपीएच्या टेबलावर कुणाला येत नाही?

2019 मध्ये आयआरडीएआयने आधुनिक उपचारांची यादी दिली. तीत डोळ्यातले इंट्राव्हिट्रियल इंजेक्शन आहे, तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी आहे, मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे, स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरीसुद्धा आहे. म्हणजे उरलेल्या गाठीवर गॅमा नाइफ चालतो. त्याचा गुण यायला वर्षे लागतात, आणि तोवर रुग्णाला सांभाळणारे औषध यादीबाहेर, कारण आठ अमिनो आम्लांचे पेप्टाइड म्हणजे अँटिबॉडी नव्हे.

आपल्या मंडळींचेही कौतुक नको. चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि सही, की झाले काम! निदान नाही, कारण नाही. आणि ती खोटी ॲडमिशने आजच बंद करा. उद्या हेच कागद फसवणूक म्हणून आपल्यावर उलटतील. शस्त्रक्रियेची तारीख, एमआरआय, आयजीएफ-1 आणि कॅबरगोलिन किती दिले, किती काळ दिले, हे एका पानावर लिहून रुग्णाच्या हाती द्या. दावा फेटाळला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज. फी नाही, वकील नाही. मुंबईत आणि पुण्यात कार्यालये आहेत.

नकारपत्राची एक प्रत, रुग्णाचे नाव खोडून, आमच्याकडेही पाठवा. यादीत दुरुस्ती मागायला जाताना हातात गठ्ठा हवा. नुसत्या फोनवरच्या कुरकुरीचा उपयोग नाही.