काच आणि कच

पिठात कच लागली तर गिऱ्हाईक भांडायला येत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दुसऱ्या गिरणीवर जातं. युसूफ वडगावात बावीस वर्षं गिरणी चालवताना मी हे पहिल्या काही महिन्यांतच शिकलो. ज्वारीत एखादा खडा राहिला, किंवा दगड नुकताच टाकवलेला असताना घाईने माणसांचं दळण घातलं, की भाकरी दाताखाली कचकचते. माझी आई पहिल्या घासाला ओळखते. म्हणून दगड टाकवला की आधी जनावरांचा चार-पाच किलो भरडा काढायचा आणि मगच लोकांचे डबे ओळीला लावायचे, हा माझा नेम आहे. पिठातल्या कचेबद्दल इतका जागरूक असलेल्या मी मुलीच्या टॅबच्या काचेवर मात्र दीड वर्ष कच घासली. काचेवर गार्ड टाकावं की नाही हा प्रश्न कुणाला किरकोळ वाटेल. माझ्या घरात तो किरकोळ राहिला नाही, म्हणून लिहितो आहे.

मुलगी दहावी झाली तेव्हा, २०२३ च्या जूनमध्ये, भाव येईल म्हणून ठेवलेलं सोयाबीन विकून टॅब घेतला. तिला डॉक्टर व्हायचं आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आमच्या भागातली मुलं लहानपणापासून पाहतात, कारण घरातलं कुणी ना कुणी तिथे उपचारासाठी नेलेलं असतं. लातूरला खोली, मेस आणि शिकवणीची फी मला झेपणारी नव्हती. तेव्हा 'नीट'ची तयारी घरीच, टॅबवर करायची असं ठरलं.

दुकानदाराने विचारलं, "गार्ड टाकू का? साडेतीनशे." मोबाईलचं शंभरात बसतं, मग याला साडेतीनशे कशाला, असं मला वाटलं. मुलगीही म्हणाली, "पप्पा, नका टाकू. बोटाला नीट कळत न्हाई." पुण्यातल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, आता काच मुळातच मजबूत येते. मी तर कधीच टाकत नाही." तिघांचं एकमत झालं आणि टॅब उघड्या काचेनेच घरी आला.

संध्याकाळी गिरणीवर गर्दी असते. वसुलीला, डब्यांवर लक्ष ठेवायला मुलगी माझ्याजवळ बसायची आणि काट्याशेजारी टॅब ठेवून व्हिडिओ बघायची. पट्टा फिरत असताना हवेत पीठ उडतंच. दर थोड्या वेळाने काच पांढरी व्हायची, आणि मी खांद्यावरच्या टॉवेलने ती घसाघसा पुसून द्यायचो. त्याच टॉवेलने पोती झटकायची, दगडावरची धूळ काढायची. मुलीला पडदा स्वच्छ मिळावा एवढीच माझी इच्छा होती. काचेवर बारीक रेषा उमटत गेल्या. उजेडाकडे तिरपी धरली की दिसायच्या, एरवी नाही. वस्तू वापरली की रेषा पडणारच, असं आम्ही समजून घेतलं.

२०२५ च्या जानेवारीत, बारावीची प्रात्यक्षिकं तोंडावर असताना, टॅब तिच्या मांडीवरून फरशीवर घसरला. उंची फार तर दीड वीत. याआधी तो बाजेवरून दोनदा पडला होता आणि काहीही झालं नव्हतं. या वेळी मात्र काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. तडा जिथून निघाला होता ती जागा मी ओळखली. तिथे एक वाकडी, जरा खोल रेष होती, आणि ती दिवाळीच्या आधीपासून होती. नवीन टच बसवायला अठ्ठावीसशे रुपये गेले आणि अकरा दिवस टॅब दुकानात पडून राहिला. 'नीट'च्या पहिल्या प्रयत्नात तिला गुण कमी पडले, त्याचा दोष मी त्या अकरा दिवसांना देत नाही. पण त्या दिवसांत ती मैत्रिणीच्या वह्या उतरवत बसलेली मी पाहिली आहे.

दीड वितीवरून काच का फुटावी हे कोडं मला सुटेना. ते सुटलं खिडकीची काच बसवायला आलेल्या माणसामुळे. त्याने हिरा धरला, काचेवर एक हलकीशी रेष ओढली, दोन्ही हातांनी जरा दाब दिला आणि काच त्याच रेषेत मोडली. मी हे शंभरदा पाहिलं असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. काच कापली जात नाही. तिला ओरखडा दिला जातो आणि ती तिथून मोडते. ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९२० मध्येच हे मांडून ठेवलं आहे. काच तिच्या हिशेबी ताकदीच्या कितीतरी आधी फुटते, कारण तिच्या अंगावर बारीक चिरा असतात आणि सगळा ताण त्या चिरांच्या टोकाशी गोळा होतो. रेष ही दिसण्यापुरती खोड आहे असं आपण मानतो, पण पुढे काच कुठून फुटणार हे ती रेष ठरवून ठेवते. टॉवेलने घासून घासून अशा जागा मीच तयार करत होतो.

आता 'काच मुळातच मजबूत येते' या बोलण्याचं काय? ते खोटं नाही. चांगल्या फोनची काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवतात. काचेतले सोडियमचे छोटे कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात. दाबून भरलेल्या पोत्यात दाणे जसे एकमेकांवर घट्ट दाबले जातात, तसा काचेचा वरचा थर आतून घट्ट आवळला जातो. चीर उघडायची तर आधी ही आवळण सोडवावी लागते. पण तो थर जाडीला माणसाच्या केसाच्या आसपास असतो. त्याच्या खाली ओरखडा गेला की ती ताकद तिथे संपली. शिवाय ही काच महाग पडते. स्वस्त टॅब घेताना खोक्यावर तिचा उल्लेख शोधून पाहा, बऱ्याचदा सापडणार नाही. आमच्या टॅबच्या खोक्यावर नव्हता.

कशाने काय ओरखडतं याचं माप फार जुनं आहे. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये ते बसवलं. सर्वांत मऊ शंखजिरं, त्याला १. हिऱ्याला १०. वरच्या अंकाचा पदार्थ खालच्याला ओरखडतो. साधी काच साडेपाचच्या आसपास आणि मजबूत केलेली त्याहून थोडी वर. तांब्या-पितळेची नाणी काचेहून मऊ, लोखंडी किल्लीही फार तर तिच्या बरोबरीची. खिशातल्या किल्लीला आपण उगाच घाबरतो. काचेचा खरा वैरी गारगोटी, तिचा अंक ७. आमच्या बालाघाटाच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्ये गारगोट्या असतात, आणि त्या झिजून मांजरेच्या वाळूत येतात. घर बांधताना, अंगण करताना आपण तीच वाळू दारात आणतो. ज्वारीच्या आणि उसाच्या पानातही सिलिका असते, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य. पाचट काढताना हात चिरतात ते त्यामुळेच. आणि माझ्या गिरणीच्या दगडात कुरुंदाचे कण असतात. कुरुंदाचा अंक ९, त्याच्यापुढे फक्त हिरा. दगड टाकवल्यावर उडणारी जी कच पिठात येऊ नये म्हणून मी भरडा दळतो, तीच कच टॉवेलला चिकटून मुलीच्या काचेवर फिरत होती.

याच ठिकाणी गिऱ्हाईक फसतं. गार्डच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत '९एच' लिहिलेलं असतं. मला आधी वाटलं, हे मोसचं ९, म्हणजे आपल्या कुरुंदाइतकं कठीण. तसं नाही. हा पेन्सिलीचा अंक आहे. रंगाचा थर किती टणक आहे हे बघायला वेगवेगळ्या पेन्सिली ओढतात, त्यातली सगळ्यात टणक पेन्सिल ९एच. तिने रेष उमटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. गारगोटी त्या गार्डला सहज ओरखडते. पाकिटावर '११डी', '२१डी' असंही छापलेलं असतं. त्यामागे कुठलंच मापन नाही, ती विकण्यासाठी दिलेली नावं आहेत. पैसे मोजणाऱ्या माणसाला हे स्पष्ट सांगायला हवं.

मग ओरखडणारंच गार्ड कशाला लावायचं? ओरखडे त्याने घ्यावेत म्हणून. साडेतीनशेची काच झिजते, अठ्ठावीसशेची झाकलेली राहते. गार्डने टॅब पडून फुटायचा थांबत नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं बरंचसं खरं आहे. टॅब कोपऱ्यावर आपटला तर वरच्या पातळ काचेचा फारसा उपयोग नाही. तिथे जाड कडांचं कव्हरच लागतं. मला कुणी विचारलं तर मी सांगतो: पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी कव्हर घे आणि दुसऱ्या महिन्यात गार्ड घे.

माझा भाचा पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. खिडक्या बंद, टॅब टेबलावर, पुसायला चष्म्याचं कापड. त्याच्या घरापुरतं तो बरोबर बोलतो. त्याने गार्ड टाकू नये, काचेची स्वच्छता आणि बोटाला मिळणारा गुळगुळीत स्पर्श उपभोगावा. गार्ड टाकू नका म्हणणारे बहुतेक जण अशाच घरांतून बोलतात. ज्याच्या घरी सोयाबीनची रास होते, अंगणात हरभऱ्याचं खळं असतं, दारावरून मुरमाचा रस्ता जातो, त्याने तो सल्ला आपल्या घरात जसाच्या तसा आणू नये. मी आणला, आणि मला तो महाग पडला.

दुकानातला आणखी एक प्रकार सांगायला हवा. दुरुस्तीनंतर मी गार्ड घ्यायला गेलो तेव्हा मला निळा प्रकाश अडवणारं गार्ड दाखवलं, जवळपास दुप्पट किमतीचं. "पोरीचे डोळे सांभाळायचे ना?" हे वाक्य कुठल्याही बापाच्या काळजाला लागतं. मी जवळजवळ घेतलंच होतं. पण पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्याला इजा होते याचा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची अकादमी सांगते. डोळे दुखतात ते तासन्‌तास जवळ बघून आणि पापण्या कमी मिटून. त्याला उपाय म्हणजे मध्येमध्ये मान वर करून लांब बघणं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. आई-बापाच्या काळजीवर अशी वाढीव किंमत लावणं मला अयोग्य वाटतं. खरखरीत, मॅट गार्डही पाहिलं. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चमक कमी होते हे खरं, पण जीवशास्त्राच्या आकृत्यांमधली बारीक अक्षरं पुसट दिसायला लागली. शेवटी साधं पारदर्शक काचेचं घेतलं.

ते लावलं पावसाच्या झडीत, रात्री गिरणी बंद झाल्यावर, घरातली धूळ बसलेली असताना. आधी फरशीवर पाणी शिंपडलं, पंखा बंद केला. तरी एका कोपऱ्यात कण राहिलाच. मुलीने चिकटपट्टीने तो उचलला. दोन दिवस तिला बोट जड वाटलं, नंतर तिने विषयही काढला नाही. टॉवेल मी गिरणीत ठेवलाय. काच पुसायला धुतलेल्या सुती साडीचा तुकडा आहे: आधी फुंकर, मग ओलसर कापड, दाब न देता.

आता सरकारकडे एक मागणी आहे. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले. 'महाज्योती' ही राज्य सरकारची संस्था इतर मागासवर्गातल्या, भटक्या-विमुक्तांच्या मुलांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचा डेटा देते. ही कामं मोलाची आहेत. माझ्या गिरणीवर येणाऱ्या घरांतली मुलं त्यावर शिकतात. अशी कोणतीही खरेदी होताना निविदेतच दोन ओळी पक्क्या असाव्यात: प्रत्येक टॅबला कडांचं कव्हर आणि लावून दिलेलं गार्ड, शिवाय एक जादा गार्ड. कारण तो टॅब बंद खिडक्यांच्या घरात राहणार नाही. दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यांच्यातल्या एखाद्या मुलाचा टॅब कोपीत, पाचटाच्या ढिगाशेजारी, बैलगाडीच्या धुरळ्यात असतो. तिथे काच फुटली तर दुरुस्ती करणार कोण, आणि अठ्ठावीसशे रुपये आणायचे कुठून? त्या बापाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. टॅबच्या किमतीपुढे घाऊक गार्डची किंमत फार थोडी आहे. तेवढ्याने त्या पोराची एखादी परीक्षा वाचत असेल तर वाटप करणाऱ्याने तो खर्च टॅबच्या किमतीतच धरला पाहिजे.

आमचं पहिलं गार्ड गेल्या महिन्यात काढलं. कडेला टवका उडाला होता आणि मुलीच्या बोटात काचेचं कुसळ गेलं. तसं झालं की ते चालवत बसू नये. काढलेलं गार्ड मी गिरणीच्या दारात उजेडाला धरलं. त्यावर रेषांचं जाळं होतं. मधोमध तीन खोल ओरखडे होते, त्यातला एक नखाला लागत होता. खालची काच तशीच्या तशी निघाली. मी नवीन गार्ड बसवून हवेचा शेवटचा बुडबुडा कडेकडे सारत होतो, तोवर मुलगी हात पुढे करून उभी होती. सात वाजता तिची सराव परीक्षा होती.